रमेशला भरवताना

बुधवार, कात्रप

आज बेलवलीला रमेशकडे गेलो. जायचं नव्हतंच. पण रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब म्हणाले, "त्याला अर्धांगवायू झालाय, योसेफदादा. एकदा भेटून या." ते डोक्यातून जाईना.

अंबरनाथच्या कारखान्यात माझा उजवा हात प्रेसखाली असताना याच रमेशने बटण दाबलं. माझी चार बोटं गेली. चौकशीत तो म्हणाला, बटण योसेफनेच दाबलं. मग माझी नोकरीही गेली. अकरा वर्षं मी त्याच्यासाठी प्रार्थना केली नाही. उलट... ते नको लिहायला.

त्याची बायको कामावर जायच्या तयारीत होती, म्हणून पेजेची वाटी मी घेतली. डाव्या हाताने भरवताना पेज त्याच्या हनुवटीवर सांडत होती. तो माझ्या उजव्या हाताकडेच बघत होता. मी हात लपवला नाही. त्याने बघावं म्हणूनच ना?

मग तो अडखळत म्हणाला, "बटण... मीच."

"माहीत आहे," मी म्हणालो. "तोंड उघड."

माफ केलं, असं काही म्हणता आलं नाही. रिक्षात एवढीच प्रार्थना केली: प्रभू, माझ्याकडे दया नाही, तुझ्यातली दे. निघताना त्याच्या बायकोला सांगून आलोय, उद्याही येतो.