परत पाठवलेलं भाऊबीजेचं पोतं

आई, मामीने तांदूळ बदलला नव्हता.

हे आधी लिहून टाकलं, कारण मला गोष्ट सरळ सांगता येत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, मुद्द्यावर ये, दूध उतू जातंय. तर मुद्दा हाच. कालपासून माझे हातपाय गार पडलेत, आणि उज्जैनच्या मे महिन्यात हातपाय गार पडणं म्हणजे काय ते तूच समजून घे. सून म्हणते, मम्मी, बीपी बघू का? मी म्हटलं, बीपी नाही गं, तांदूळ आहे. ती तरी मशीन घेऊन आली.

हे सगळं केलं तुझ्या पणतीने. माझ्या मुलाची मुलगी, तू तिला पाहिलंच नाहीस. शेतीचं शिकते, तिकडे पूर्वेला, भाताच्या मुलखात. हो, शेतीचं! बाबा रेल्वेत, हे बँकेत, मुलगा बँकेत, आपल्या घरात कुंडीतल्या तुळशीपलीकडे कुणी काही लावलं नाही, आणि ही पोरगी गुडघाभर चिखलात उभी राहून फोटो पाठवते. मला इतका आनंद होतो की काय सांगू. टावर चौकातल्या भाजीवाल्यालाही सांगून झालं की माझी नात तांदळावर शिकतेय. तो म्हणाला, “माताजी, चावल तो बनिये के यहाँ मिलता है।” जाऊ दे त्याला, त्याची भेंडीही जून असते.

काल सकाळी देवास गेटला बसमधून उतरली, घरी येऊन पोहे खाल्ले, वर शेव मागितली, आणि पिशवीतून दोन डबे काढून माझ्यापुढे ठेवले. “आजी, तू म्हणतेस ना, दाण्यावरून तुला शेत कळतं? सांग मग.”

मी ऐटीत उठून पाटी आणली. तीच पाटी, आई. चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि पाटी तुझ्या स्वयंपाकघरात कामाला लागली. काळ्या पाटीवर चिमूटभर तांदूळ पसरायचा, खिडकीत उजेडाला धरायचा. दाणा काचेसारखा चमकला तर तुझ्या माहेरचा. पोटात खडू भरल्यासारखा पांढरा दिसला तर कुणीतरी फसवलंय. मला शाळेने जे शिकवलं ते मी विसरले, हे नाही विसरले. लग्न झाल्यावर मी भांडी मागितली नाहीत, पाटी मागून घेतली, तेव्हा तू हसली होतीस.

तर मी बघितलं. एका डब्यातला काचेसारखा, दुसऱ्यातल्याच्या पोटात पांढरं. मी फटकन बोलले, “हा घरचा. आणि हा रेशनचा तुझ्या पिशवीत कुणी घातला?”

हसून हसून पोरगी खुर्चीवरून पडायचीच बाकी. “आजी, फेल! दोन्ही एकच बियाणं आहे. एकाच शेतातलं, एकाच दिवशी लावलेलं. मीच लावलंय.”

“मतलब?”

मतलब असा. दाणा भरत असताना गर्मी फार झाली, त्यातून रात्रीची, तर तो घाईघाईने भरतो. आत नीट घट्ट बसत नाही, जागा राहते, म्हणून पोट पांढरं दिसतं. असा दाणा गिरणीत तुटतो, शिजवला की लगदा होतो. मी विचारलं, आणि वास? म्हणाली, वासही कमी होतो. तिने दोन वाफ्यांवर प्लास्टिकचे तंबू टाकून मुद्दाम सारखीच गर्मी केली होती. फरक फक्त खताचा. एका वाफ्याला सगळा युरिया लावणीच्या वेळीच दिला. दुसऱ्याचा थोडा राखून ठेवला आणि पोटात लोंबी धरताना दिला. त्या रोपाने गर्मी सोसली, दाणा बराच चांगला भरला. पहिल्याचं खाणं तोपर्यंत संपून गेलेलं. मी म्हटलं, म्हणजे पोटुशीला पहिल्याच महिन्यात सगळे डिंकाचे लाडू खाऊ घातले, आणि दिवस भरत आले तेव्हा डबा रिकामा. ती म्हणाली, “आजी, हे मी लिहून घेऊ का?” मग म्हणाली, शेवटी फार घातलं तरी भात चिवट होतो, खायला मजा नाही. थोडंच, पण वेळेवर.

मी हसत होते. आणि हसता हसता थांबले. कारण पोटात पांढरा, तुटका, बिनवासाचा तांदूळ मी या पाटीवर आधी एकदा पाहिला होता.

माझ्या लग्नाआधीचं एक वर्ष. भाऊबीजेचं पोतं आलंय. दर वर्षी मामाकडून रेल्वे पार्सलने येतं तसंच, थोडं उशिराने, नवा तांदूळ कांडून-सडून झाल्यावर. बाबा दुखण्यातून उठलेत, अजून काठी घेऊन चालतात, म्हणून हमालाने ओट्यावर आणून टाकलंय. पोत्याचं तोंड मामीने लाल दोऱ्याने शिवलंय, ती तिची खूण. तू पाटी खिडकीत धरतेस. दाणे तळहातावर चोळून वास घेतेस.

“हा आपल्या शेतातला नाही.”

बाबा म्हणतात, “असेल गं, एखाद्या वर्षी होतं.”

“शेत बदलतं का? पोतं कोण भरतं? ती. चांगला घरात ठेवला आणि बाजारातला मला पाठवला. नणंद लांब आहे, तिला काय कळतंय!”

आणि पोतं परत पार्सल झालं. तोच लाल दोरा, तू परत शिवलेला. भावाने पाठवलेलं भाऊबीजेचं पोतं कुणी परत करतं का, आई? मामा त्यानंतर आला नाही. तो वारला तेव्हा तू गाडी धरायला स्टेशनापर्यंतही गेली नाहीस. बाबा म्हणाले, चल, मी येतो बरोबर. तू तव्यावरची पोळी उलटत राहिलीस.

हे सगळं मी पोरीला सांगितलं. तिचं हसू गेलं. तिने विचारलं, “त्या वर्षी त्यांनी खत कधी टाकलं होतं?” मी म्हणणार होते, मला काय ठाऊक! तेवढ्यात मामाचा आवाज कानात आला. अगदी आपल्या स्वयंपाकघरातला.

बाबांचं पोटाचं ऑपरेशन त्याच पावसाळ्यातलं ना? श्रावणात मामा धावत आला आणि गणपती जाईपर्यंत राहिला. इस्पितळाच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून झोपायचा. आल्या दिवशी जेवायला बसला तेव्हा तू विचारलंस, शेताचं काय करून आलास? तो म्हणाला, “लावणी झाली, ताई. खत सगळं एकदमच टाकून आलो. मागे ती एकटी कुठे पोती उचलत बसेल!” तू त्याला भात वाढत होतीस. तू ऐकलंस. मी ऐकलं. दोघींनी ऐकलं, आई, आणि पोतं आलं तेव्हा दोघींपैकी एकीलाही ते आठवलं नाही.

तुझ्या नवऱ्यासाठी तो आला होता. म्हणून तो तांदूळ तसा होता.

पोरगी मात्र सावध. म्हणाली, “आजी, इतक्या वर्षांनी नक्की नाही सांगता येत. त्या वर्षी तिकडे गर्मी होती का, ते कळायला पाहिजे.” मग मी फोन केला. तुझ्या भावजयीला. ती आहे अजून, गावातच मुलाकडे असते. फोन त्याने उचलला आणि तिच्या कानाला लावला.

“कोण? उज्जैनची? कोण गेलं?”

“कुणी नाही गेलं, मामी. तांदळाचं विचारायचंय.”

“तांदळाचं? इतक्या वर्षांनी फोन केलास तो तांदळासाठी? तिकडे गहू संपला काय?”

मी ओरडून ओरडून विचारलं. शेजारीण गॅलरीत आली. ते वर्ष म्हटल्याबरोबर मामीला कळलं, सांगावं लागलं नाही. म्हणाली, पाऊस दसऱ्याच्या आधीच पळाला होता. रात्री घरात झोपवेना, अंगणात बाजा टाकायचो तरी अंगाला घाम. भात लोंबीला आलं आणि पानं पिवळी पडायला लागली, घालायला खत उरलं नव्हतं.

“मग तुम्ही घरी कुठला तांदूळ खाल्लात, मामी?”

“तोच. दुसरा कुठून येणार? तुमच्या पोत्यात निदान मी सुपात घेऊन निवडून भरला होता, त्यातल्या त्यात अख्खा. आम्ही कणीच खाल्ली वर्षभर.” मग म्हणाली, “परत आलेलं पोतं मात्र बरेच दिवस उघडलं नाही. तुझा मामा म्हणायचा, राहू दे.”

फोन माझ्या कानालाच होता. आपल्या पाटीवर पसरला तो निवडलेला होता, आई. आणि आपण खिडकीत धरून त्यात तिची नियत बघत होतो. पाटीने दाणा बरोबर दाखवला होता. माणूस तिच्यावर दिसत नाही, हे तुलाही कुणी सांगितलं नाही आणि मलाही नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. हा कागद कुठे जायचा नाही, तरी तुझ्या कानावर घालायला हवं, कारण तुझं नाव मी वापरलंय. मामाचं ते ‘राहू दे’ ऐकलं. तेव्हा मी बोलून गेले, “मामी, आई जाताना म्हणाली होती, वहिनीची काही चूक नव्हती.”

तू असं काही म्हणाली नव्हतीस. तू फक्त खिडकी उघड म्हणाली होतीस.

मामी म्हणाली, “खोटं बोलतेस. वन्सं असं म्हणायच्या नाहीत.” मग ती म्हणाली, “थांब. या कानाने धड ऐकू येत नाही, त्या कानाला लावते. परत एकदा म्हण.”

मी परत म्हटलं. पहिल्यापेक्षा मोठ्याने.