केसरच्या नाचाला आडकाठी नको

लिहून ठेवतो मी, हाशा राघो कोळी, राहणार दिघी, संस्थान जंजिरा. दम्याने छाती वाजते, पण डोकं शाबूत आहे. दारू प्यायलेलो नाही. कोणी धाक घातलेला नाही, आणि मला धाक घालणारा दिघीत अजून जन्मायचा आहे.

१. होडी आणि जाळी मुलगा सदू याची. भाऊबंदांनी हात लावू नये.

२. राहतं घर बायको केसर हिचं, तिच्या हयातीपर्यंत. मग सदूचं.

३. मी आगबोटीवर खलाशी होतो. पार अमेरिकेकडे कोलंबिया म्हणून मुलूख आहे, तिथल्या बंदरात बोट दुरुस्तीला अडकली आणि मी कुंबिया नाच शिकलो. ढोल घुमला की पाय धन्याचं ऐकत नाहीत! बाई पेटत्या मेणबत्त्यांचा जुडगा धरून नाचते. पुरुष तिच्याभोवती फिरत आपली टोपी तिच्या डोक्यावर ठेवू बघतो, ती ज्योत पुढे करून त्याला हुलकावणी देते. घरी येऊन केसरला शिकवला. शिमग्याला ती नाचली. काय नाचली! खाडीपलीकडच्या आगरदांड्याची माणसं तरीत बसून बघायला आली.

मी टोपी तिच्या डोक्यावर ठेवली आणि गहजब झाला. सुतकाशिवाय बोडक्या डोक्याने चारचौघांत उभं राहायचं नाही, ही आमची रीत. कोळीवाड्याचे पाटील तात्या ओरडले, "बाप जिता हाय आनि बोडका नाचतोस? माफी माग!" मी म्हणालो, "न्हाय मागनार. फुडच्या शिमग्याला परत नाचनार." आणि दरसाल नाचलो.

४. मी गेल्यावर, रडून झालं की, केसरने नाचावं. विधवेने कोपरा धरायचा ही रीत तिला लागू नाही. टोपी तिची, तिने स्वतःच घालावी. ढोल सदूने वाजवावा. त्याला लाज वाटत असेल तर होडीही केसरची. अख्ख्या किनाऱ्यावर अशी नाचणारी नाही, आणि ती माझी बायको आहे, याचा मला गर्व आहे.

हे ऐकून केसर म्हणाली, "मरायची घाई कशाला? या शिमग्याला टोपी तुमीच घाला." दम पुरला तर घालीन.

५. तात्यांना साक्षीला मुद्दाम बोलावलं आहे. सही केली की पंचायतीत तोंड उघडता येणार नाही. करायची नसेल तर आत्ताच उठावं, केसरच्या देखत.

मुक्काम दिघी, माघ शके १८५७, सन १९३६.
हाशा राघो कोळी, अंगठा. दस्तुर मार्तंड, सांगितलं तसं लिहिलं.

साक्ष: सिराजुद्दीन, बोटीवरचा सोबती. नाच खरा आहे, मीही नाचलो आहे.

साक्ष: तात्या जोमा, पाटील. टोपीबद्दल माझी हरकत कायम. केसरला कोणी अडवलं, तर मात्र गाठ माझ्याशी.