दहा आवाज

आई, मी परत नक्कल केली. आणि या वेळी तुझीच केली. हे तुला सांगायचं म्हणून पंधरा दिवस वही उघडते, मग कुकर लावायचा राहिलाय असं काहीतरी आठवतं आणि मिटते. तू जाऊन एकवीस वर्षं झाली, आता काय तू येऊन माझ्या पाठीत धपाटा घालणार आहेस? तरी भीती वाटते. धपाटा परवडला असता. तुझं ते गप्प बसणं सोसायचं नाही.

तुला तो दिवस आठवत असेल, मला तर काल घडल्यासारखा आठवतो. शाळा सुटली की मी टेलिफोन एक्स्चेंजात येऊन तुमच्या बायकांच्या खोलीत बसायची, आणि दाराच्या फटीतून तुम्ही सगळ्या दिसायच्या, कानाला यंत्र लावून ओळीनं बसलेल्या, हात भराभरा वायरी खुपसतायत. तिथं तू 'कृपया थांबा' म्हणायचीस, आणि घरी आल्या आल्या चप्पल काढतानाच तुझं माहेरचं, नेसरीचं बोलणं सुरू व्हायचं. मला गंमत वाटायची, आणि खरं सांगते, थोडी लाजही. खेड्यातनं कुणी पोस्टातून फोन जोडायला आला की तो मोठ्यानं ओरडायचा, निम्मं कळायचं नाही, आणि बाकीच्या बायका 'नीट बोला हो' म्हणून खेकसायच्या. तू कधी नाही. तू त्याचंच बोलणं त्याला उलटून विचारायचीस, "म्हंजे मुंबईला, भावाला लावू. व्हय?" आणि पलीकडून 'व्हय' आल्याशिवाय वायर खुपसायची नाहीस. एकदा संध्याकाळी शाळूची भाकरी थापताना तू सांगत होतीस, की कुणी एक माणूस रडत होता, लाइन खरखरत होती, आणि तुला एवढंच ऐकू आलं, 'आबा न्हाय. आबा न्हाय की वो बाई.' तू ओळखलंस, याचा बाप गेलाय आणि याला भावाला कळवायचंय. त्याचा कॉल तू सगळ्यांच्या पुढं घातलास आणि साहेबाची बोलणी खाल्लीस.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या होत्या. मी पाटावर उभी राहिले आणि तो माणूस करून दाखवला. आवाज ओढून, मध्येच हुंदका देऊन, 'आबा न्हाय की वो.' काकूंना हसून हसून ठसका लागला. तू मोरीच्या दारात कधी येऊन उभी राहिलीस कळलंच नाही. मला आत नेलंस, हात पुसलास पदराला आणि म्हणालीस, "त्येचं बोलणं घेतलंस. त्येचं दुक्ख घेतलंस का?" मग दोन दिवस एक शब्द नाही. वेणी घातलीस, डबा दिलास, सगळं केलंस, फक्त बोलली नाहीस. मी तिसऱ्या दिवशी रडून रडून ताप आणला तेव्हा कुठं 'गप गं' म्हणालीस.

त्याच पोरीनं पुढं मराठीत एम.ए. करायचं म्हटलं, तेव्हा बाबा म्हणाले की यानं काय पोट भरतंय होय. तू दिवाळीला एक टेपरेकॉर्डर आणून माझ्यापुढं ठेवलास. त्या उन्हाळ्यात मी तो घेऊन तुझ्या माहेरी नेसरीला गेले, बायकांच्या बोलण्यावर प्रबंध लिहायचा म्हणून. उंबऱ्याउंबऱ्यावर बसून टेपा भरल्या आणि तुला मोठ्या तोऱ्यात ऐकवल्या. तू पहिली टेप दहा मिनिटं ऐकलीस आणि म्हणालीस, "पैल्या तासाचं टाकून दे. त्यात माणूस पावण्याशी बोलतंय." म्हणजे यंत्र समोर असलं की माणूस तोंड धुऊन, पावडर लावून बोलतो, तो थकून यंत्र विसरला की मग त्याची खरी भाषा येते. माझ्या गाइडनं जे दोन वर्षांत शिकवलं नाही ते तू एका वाक्यात सांगितलंस. प्रबंधात ते मी माझं म्हणून लिहिलं, तेही आजच सांगून टाकते.

तर त्या एम.ए.नं पोट भरलं, बरं का. चांगलं भरलं. आता लोकांशी फोनवर यंत्रं बोलतात. माणूस नसतंच पलीकडं, एका बाईचा गोड आवाज भरून ठेवलेला असतो, तो प्रश्न विचारतो आणि तुमचं उत्तर ऐकून आपोआप नोंद करतो. असली यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत मी आहे, इथंच, कोल्हापुरात. बाकी सगळे इंजिनिअर. भाषा शिकलेली मी एकटी. मला घेतलं तेच यासाठी, की लोक कसे बोलतात हे यंत्राला कुणीतरी सांगायला हवं. मीटिंगमध्ये मी भाषण ठोकते की नुसती अक्कल घालून चालत नाही, त्यात माणूसही घालायला हवा. सगळे माना डोलावतात. मला ते आवडतं.

पुरासाठी तसं एक यंत्र करायचं काम आलं. नदीचं पाणी वाढलं की शिरोळकडच्या गावांत घराघरात फोन जायचा, बाई विचारणार, 'आपण सुरक्षित जागी आहात का?' जो नाही म्हणेल त्याच्याकडं नाव, म्हणजे होडी, धाडायची. साधी गोष्ट. नागपूरकडचा एक मुलगा माझ्यासोबत होता, इंजिनिअर, हुशार आणि नम्र. होकाराच्या यादीत त्यानं 'हो' लिहिलं होतं. मी त्याला जवळजवळ झापलंच. म्हटलं, आमच्याकडं 'व्हय' म्हणतात आणि 'हाय' म्हणतात, तेही घाल, कोल्हापूर आहे हे. त्यानं मुकाट घातलं. मला केवढा अभिमान वाटला होता त्या दिवशी, आई. तुझी भाषा मी यंत्रात बसवली म्हणून. नकाराच्या यादीत 'नाही'शेजारी 'न्हाय'ही घातलं होतं. यादी चोख होती. आता पुढं चाचणी. शिरोळला जाऊन दहा माणसांचे आवाज घ्यायचे, यंत्राला ऐकवायचे, चुकतंय का बघायचं. त्यासाठी दोन दिवस ठेवले होते.

मी गेले नाही. मे महिना होता, ऊन मी म्हणत होतं, आणि आदल्या दिवशी एका लग्नात जेवून आळसावले होते. कारण एवढंच. मनात म्हटलं, मला काय कुणी शिकवायचं, माझी आईच तिकडची. तू तिकडची नव्हेस, तू नेसरीची, शिरोळच्या कृष्णाकाठचं बोलणं वेगळं, हे मला माहीत होतं. माझ्या प्रबंधातच ते लिहिलंय. तरी मी ऑफिसातल्या काचेच्या खोलीत बसून दहा आवाज केले. दोन चहावाल्या मामांकडून घेतले, दोन हिशेबातल्या बाईंकडून, आणि सहा मी काढले. म्हातारी, सासुरवाशीण, घोगरा म्हातारा. म्हातारी म्हणजे तू. 'न्हाय की वो' म्हणाले तर बाहेर पोरं हसली, आणि मीही हसले. माझ्या 'न्हाय'मधला 'न' असा ठणठणीत होता की बहिऱ्यालाही ऐकू यावा. यंत्रानं दहाच्या दहा ओळखले. फॉर्मवर मी लिहिलं, स्थानिक आवाज दहा, आणि सही केली.

मग पाणी आलं. एका गावात एक म्हातारी आणि तिचा नवरा घरी राहिले होते. त्याचं खुब्याचं हाड मोडलेलं, गाव रिकामं करायला ट्रॅक्टर आला तेव्हा त्याला उचलायला माणसं नव्हती, आणि ट्रॅक्टरवाला सांगून गेला होता की फोन येईल, त्यावर सांगा, नाव येईल. फोन आला. तिनं सांगितलं. ती टेप माझ्याकडं आहे. ती हळू आवाजात म्हणते, "न्हाय. ह्यास्नी उचलाय माणूस न्हाय. नाव धाडा." तिच्याकडं त्या 'न्हाय'मधला 'न' असा जिभेखालून जातो, पोटातून आल्यासारखा. यंत्राला फक्त 'हाय' ऐकू आलं, म्हणजे होकार. पहिला शब्द मिळाला की त्याचं काम संपतं, पुढचं ते ऐकत नाही, नुसतं साठवतं. गोड आवाजातली बाई म्हणाली, धन्यवाद, आपली नोंद झाली आहे. नोंद झाली म्हणजे नाव येणार, असं समजून ती बसून राहिली. खाटेखाली विटा लावल्या, मग लाकडी पेटी सरकवली. पाणी खाटेला लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गावातल्याच एकाच्या नावेनं दोघांना काढलं. म्हातारा नवव्या दिवशी दवाखान्यात वारला. छातीत पाणी झालं होतं. ऐंशीचा होता, तसाही किती जगला असता, असं ऑफिसात जो तो मला सांगतो. मी विचारलेलं नसताना सांगतात.

चौकशीचा अहवाल मीच लिहायचा, भाषेचा प्रश्न म्हणून. त्यासाठी मी शिरोळला गेले, जिथं मे महिन्यात जायचं होतं तिथं. भिंतींवर पाण्याची रेघ माझ्या छातीपर्यंत. म्हातारीनं मला घरातली एकुलती खुर्ची दिली आणि स्वतः खाली बसली. मी कोण, ते सांगितलं, म्हणजे अर्धंच सांगितलं, की त्या फोनच्या कंपनीतून आलेय. मी तयारी करून गेले होते. शिव्या देईल, हाकलेल, अंगावर पाणी टाकेल. तिनं चहा केला. आणि मग अपराध्यासारखी पदर चाचपत म्हणाली, "ती फोनवरची बाई लई चांगलं बोलत हुती वो. माझंच बोलणं अडाण्याचं. तिला तरी काय कळणार?" ती पुढं म्हणाली, "कसं म्हणायला पायजे हुतं, ताई?"

आई, तिथं माझी जीभ वळायला हवी होती. मावशी, तुमचं काही चुकलं नाही, मी आले नाही, मी तुमच्यासारख्या बाईची नक्कल करून काम उरकलं, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "नाही म्हणायचं, मावशी. ना-ही." ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग शाळेतल्या पोरीसारखी, ओठ आवळून म्हणाली, "ना-ही." नीट झालं नाही असं वाटून परत म्हणाली. मी म्हणाले, बरोबर.

परतताना गाडीत मी ठरवलं, घरी जाऊन आधी तुला लिहायचं, म्हणजे धीर येईल, मग अहवालात खरं लिहायचं. वर 'अहवाल मीच लिहायचा' असं लिहिलंय, त्यावरून तो अजून लिहायचाय असं तुला वाटेल. ही पानं वहीतून फाडून खरं तर ऑफिसातच द्यायला हवीत. देत नाही. अहवाल मी मंगळवारीच पाठवला. त्यात कारणाच्या रकान्यात दोनच शब्द आहेत, 'उच्चार अस्पष्ट.' कुणी काही विचारलं नाही, साहेबांनी तर आभार मानले. मी ती टेप पुन्हा पुन्हा ऐकलीय, आई. तिचा उच्चार स्पष्ट होता.