पुढची बटणं

१३ मे १९७४, सोमवार
अर्धी रजा टाकून नंदीचं नाव घालायला शाळेत गेले. बाईंनी नाव लिहायच्या आधी तिच्या डाव्या हाताकडं पाहिलं. "हा असाच?" म्हटलं, दोन वर्षांची असताना ताप आला, त्यात गेला. उजवा चांगला आहे. "कपडे स्वतःचे स्वतः घालते का? लघवीला गेली तर चड्डी कोण वर करणार? माझ्याकडं वर्ग भरून मुलं आहेत." मी म्हटलं, घालते. सगळं येतं तिला.
खोटं. आज सकाळीच आत्याबाईंनी नातीला मांडीवर घेऊन झगा घातला, केस विंचरले, चपला चढवल्या. पाच पुरी झाली तरी.
नाव लागलं. जूनमध्ये शाळा. तोवर खोट्याचं खरं करायचं.

१४ मे
घरात सांगून टाकलं. उद्यापासून नंदीला कुणी कपडे घालायचे नाहीत. हे आकुर्डीहून रात्रपाळी करून आलेले, डोळे मिटत होते. बरं म्हणाले. बरं म्हणजे ऐकलं नाही.
आत्याबाईंनी ऐकलं. "देवानं येक हात न्हेला, आता आई दुसरा न्हेती."
सासूला उत्तर द्यायचं नाही असं माहेरी शिकवलंय. आज तरी पाळलं.

१६ मे
शिफ्ट सुटून घरी आले तर नंदी चड्डीवर ओट्यावर बसलेली. सकाळपासून तशीच. झगा खाटेवर. शेजारणी येता-जाता विचारत होत्या म्हणे, पोरीला कपडे न्हाईत व्हय. आत्याबाईंनी मुद्दाम हात लावला नव्हता. मला बघायला मिळावं म्हणून.
म्हटलं, घाल. नंदी म्हणाली, तूच घाल. मी नाही म्हटलं. तीही नाही म्हणाली. तशीच जेवली, तशीच झोपली. हट्ट कुणावर गेलाय ते शेजारणींनाही कळत असेल.

१८ मे
आज आले तर झगा अंगात. एवढा आनंद झाला. मग ती वळली आणि मागची सगळी बटणं ओळीनं लावलेली दिसली. आत्याबाई.
भांडण. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. त्या म्हणाल्या, "मी मेल्यावर कर तुजं काय ते." मी म्हटलं, त्या दिवसासाठीच चाललंय सगळं.
माहेरचं शिकवलेलं संपलं.

१९ मे, रविवार
सकाळी हे उठले आणि कुणाला न सांगता डावा हात लुळा सोडून सदरा घालायला लागले. उजवा हात आधी घातला. झालं, आता डाव्याची बाही कोण चढवणार? काढला. पुन्हा. घाम फुटला, एक शिवी गेली. नंदी खाटेवर बसून हसत होती. मग त्यांच्या लक्षात आलं. लुळा हात आधी. बाही चांगल्या हातानं खांद्यापर्यंत ओढायची. मग डोकं. चांगला हात शेवटी.
नंदीला म्हणाले, "मला काय जमंना बुवा. तू करून दाखव."
तिनं दाखवलं. किती वेळ लागला. एकदा डोकं बाहीत अडकलं, आतून रडल्यासारखा आवाज आला. मी उठले तर ह्यांनी हातानं बस म्हणून खुणावलं. डोकं बाहेर आलं तेव्हा रडत नव्हती, रागावलेली होती.
आत्याबाई शेगडीपाशी पाठ करून.
राहिली बटणं. ती पाठीवर. तिथं ह्यांचाही एक हात काही करू शकला नाही.

२४ मे
चड्डीची नाडी काढून इलॅस्टिक घातलं. एवढी साधी गोष्ट आधी का सुचली नाही. आता वर-खाली तिची ती करते. दिवसभर उगाचच करत होती. ओरडावं लागलं.

२७ मे
कंपनीत कमळला सांगितलं. आम्ही दोघी पॅकिंगला शेजारी. आत जाताना गाऊनचे बंद मागं असतात, एकमेकींचे बांधतो. ती माझे बांधता बांधता म्हणाली, "बघ, मी तुझे बांधतेच ना? मग तिची बटणं आजीनं लावली तर काय बिघडलं?" औषधाच्या गोळ्यांची पाकिटं भरताना दिवसभर तेच डोक्यात. उत्तर येताना बसमध्ये सुचलं. कमळ माझे बांधते कारण मी तिचे बांधते. नंदीचे सगळे बांधतील, तिला कुणी बांधायला सांगणार नाही. आणि मग सगळ्यांच्या सवडीनं तिनं जगायचं.
उद्या कमळला सांगेन. पटेल असं नाही.

१ जून
गणवेशाचं कापड घेऊन शिंप्याकडं. निळा झगा, पांढरी कॉलर. म्हटलं, बटणं पुढं लावा. तो म्हणाला, "शाळेचा नमुना पाठीवर बटणांचा आहे वहिनी. उद्या बाई माझ्या नावानं बोंब मारतील." समजावलं. ऐकेना. कापड परत घेतलं.

६ जून
झगा मीच शिवला, हातानं. शिवण कुठं कुठं वाकडी. बटणं पुढं, मोठी, तिच्या बोटांत मावतील अशी. काजं जरा सैल. कॉलर दोनदा उसवली.
नंदीनं खालची दोन लावली. तिसऱ्याला काठ दातात धरला. आत्याबाई बघत होत्या. मी पाहिलं तशा शेगडीकडं वळल्या.

१० जून, सोमवार
शाळा. रजा काढली. सकाळी नंदीनं झगा घातला. एक बटण चुकीच्या काजात, त्यामुळं पुढचं सगळं वर-खाली. आत्याबाईंना राहवेना, हात पुढं केला. नंदी म्हणाली, "हात न्हाई लावायचा." आजीच्याच बोलीत. त्यांनी हात मागं घेतला, पदराला पुसला. तशीच वाकडी शाळेत गेली.
मी खिडकीशी थांबले होते. बाईंनी तिला पुढं बोलावलं. "हे काय? मुलाचा शर्ट आहे का? आणि लावलंय कसं?" वाकून भराभर सगळी बटणं काढली आणि नीट लावली. वर्ग बघतोय.
नंदी जागेवर गेली नाही. तिथंच उभं राहून एकेक बटण काढलं. मग खालून लावायला लागली. बाई बस म्हणाल्या. ती लावत राहिली. पोरं हसली, मग कंटाळली, मग गप्प झाली. पुन्हा एक चुकलं. तिला पर्वा नव्हती. लावून झाल्यावर बसली.
सुटल्यावर बाई मला म्हणाल्या, "उद्या नियमाचा झगा घालून पाठवा. नाहीतर पाठवू नका."

११ जून
तोच झगा घालून पाठवली. मी कामावर, आत्याबाई सोडायला. बाईंनी वर्गात घेतलं नाही. आत्याबाई तिला घरी आणतील असं वाटलं असेल त्यांना. त्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या, नंदीला शेजारी बसवलं, शाळा सुटेपर्यंत. आत मुलं म्हणत ते नंदी बाहेरून म्हणत होती.
हे मला नंदीनं सांगितलं. आत्याबाई फक्त एवढं म्हणाल्या, "तुजं मला पटलं न्हाई. आजबी न्हाई. पन पोरीला भाईर बसवत्यात, ह्ये काय."
रात्रीची भाकरी त्यांनी मला वाढली. बऱ्याच दिवसांनी.

१३ जून
हे रात्रपाळीहून तसेच मुख्याध्यापकांकडं गेले. मला भीती होती, हे कमी बोलतात. मास्तर नियम सांगत होते, सगळ्या मुली सारख्या दिसल्या पाहिजेत वगैरे. ह्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेब, माझी मुलगी शाळेत कपडे घालायला येत नाही. ते घालूनच येते. शिकवायचं तेवढं तुम्ही बघा."
मास्तर म्हणाले, वर विचारतो. तोवर मागच्या बाकावर बसू दे.
मागचा तर मागचा.

१८ जून
वरून काही कळलं नाही. नंदी अ, आ आणि क काढते. बाई तिच्याशी बोलत नाहीत, पण पाटी तपासतात. आज म्हणे एका मुलीची वेणी सुटली तर बाईंनी बांधून दिली. नंदीनं सांगितलं आणि माझ्याकडं बघत राहिली. मी म्हटलं, तुझी सुटली तर? "सुटू दे."

२३ जून, रविवार
काल शिपाई नियमाचा झगा देऊन गेला. मास्तरांचा निरोप, सोमवारी तपासणीला साहेब येणार आहेत, एक दिवस मुलीला हा घाला. पुढचं मग बघू.
हे म्हणाले, एकच दिवस. मास्तरही आपल्याकडं थोडे वळलेत. खरं आहे. दुपारपर्यंत मलाही खरं वाटत होतं. एका दिवसानं काय होतंय, पुढचं सगळं वर्ष...
नंदीनं झगा घेतला. लुळा हात, डोकं, चांगला हात. आता सहज करते. मग मान वळवून मागं बघायला लागली, जागच्या जागी गोल फिरली. हात मागं नेला. पोचेना. मग आत्याबाईंपुढं जाऊन पाठ करून उभी राहिली.
आत्याबाईंनी हात मांडीवरून उचलला नाही. बोटं हलली नुसती. म्हणाल्या, "मला न्हाई येत बाई तसली बटनं."
नंदीनं झगा काढला, गोळा करून ह्यांच्या मांडीवर ठेवला आणि आपला झगा आणून उद्यासाठी खाटेवर पसरला. बाह्या लांब, बटणं वर.
मी म्हटलं, "नंदे, उद्या मोठे साहेब येणारेत. जरा लवकर लाव हं बटणं."
"साहेबाला थांबायला सांग," म्हणाली.