फाशी कायम होईपर्यंत

बरकतपुरा, हैदराबाद
१२ फेब्रुवारी

ती. कुसुमताई यांस,

अलकाचा वाकून नमस्कार. इकडे सगळं ठीक, म्हणजे दोन वेळा जेवतो आहोत. तुमच्या गुडघ्यांना तेल लावून द्यायला कुणी असतं का? परभणीला अजून सकाळचा गारवा असेल, इथे दुपारी पंखा लावावा लागतो.

पत्र बघून घाबरू नका. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला मोठ्यानं बोलता येत नाही, कारण तुमचा भाऊ बाजूच्याच खोलीत असतो. सिकंदराबादला रेल्वेत होते तेव्हा घरात दिसायचे नाहीत, आता घरातून हलत नाहीत. कुकरची शिट्टी झाली तरी “कुणाचा फोन?” म्हणून विचारतात.

सारंग बरा आहे. त्याच्या अश्विनीच्या आईनं परवा पुन्हा विचारलं, लग्न साधारण कधी ते तरी सांगा. मी काय सांगणार? रेणूच्या तेराव्याला हे सगळ्यांसमोर म्हणाले होते, माझ्या पोरीला मारणारा फासावर जाईपर्यंत या घरात मंगलकार्य होणार नाही. तुम्ही तिथेच होता. तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, मलाही नाही. आता अश्विनी तिशीला आली. पोरगी गुणी म्हणून थांबली आहे, दुसरी असती तर केव्हाच हात जोडून गेली असती.

हवापाणी लिहून झालं. आता लिहायलाच हवं.

निकाल लागला ताई. हायकोर्टाचा, मागच्या आठवड्यात. खालच्या कोर्टानं दिलेली फाशी त्यांनी काढून टाकली. आता जन्मठेप. मरेपर्यंत आत, मध्ये सुटका नाही.

ह्यांना माहीत नाही. वकिलांचा फोन माझ्या मोबाइलवर आला तेव्हा हे दाढी करत होते. मी सांगून टाकलं, तारीख पुढे गेली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, आतल्या पानावर, कोपऱ्यात. ते पान मी शेवग्याच्या शेंगा सोलायला घेतलं आणि ओलं करून फेकलं. सारंगला माहीत आहे, तो जेवताना मान वर करत नाही. शेजारच्या पद्मावतीअम्मांना मी जिन्यात गाठून म्हटलं, “सार को कुछ नक्को बोलो अम्मा.” त्या बिचाऱ्या तेव्हापासून आमच्या दारावरून पाय न वाजवता जातात. लिफ्टचं दार वाजलं की मी हातातलं काम टाकून दाराशी जाते, कोण आलं आणि काय बोलून जाईल म्हणून.

तुम्ही म्हणाल, एवढं काय लपवायचं, एकदाचं सांगून मोकळी हो. त्यांचं ब्लडप्रेशर हे एक कारण झालं. ते मी सारंगलाही दिलं आहे.

खालच्या कोर्टानं फाशी सुनावली त्या दिवशी हे परस्पर आबिड्सला गेले आणि पेढे घेऊन आले. सगळ्या बिल्डिंगमध्ये वाटले. लोकांनीही घेतले, खाली कुणी फटाके लावले. ह्यांनी माझ्या तोंडात पेढा घातला आणि हुंदके देऊन रडले. मी तो गिळला. माझी रेणू गेली, त्यावर मी पेढा खाल्ला ताई. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि ओकले. तेव्हापासून मला धास्ती आहे, नुसत्या निकालाला असं, तर खरंच फाशी होईल त्या दिवशी या घरात काय काय होईल?

त्याची मला दया येते असं समजू नका. तो आत सडून मेला तरी माझ्या डोळ्यांत पाणी यायचं नाही. मला काळजी ह्यांची आहे. हे रोज सकाळी अंथरुणातून उठतात ते त्या एका फाशीसाठी. ती झाली की दुसऱ्या दिवशी कशासाठी उठतील? मी खूप विचार केला, मला काही दिसत नाही.

निकाल ऐकला तेव्हा मी खुर्चीत बसले आणि मला बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं. हे मी सारंगला सांगितलेलं नाही.

अजून एक आहे. फोन ठेवण्याआधी वकिलांनी विचारलं, “अम्मा, आगे सुप्रीम कोर्ट को जाना है क्या नक्को?” मी म्हटलं, “नक्को.” ते म्हणाले, “सार को पूछ के बोल रहे ना?”

मी म्हटलं, “हौ.”

आत्ताच हे आत येऊन गेले. कुणाला लिहितेस म्हणाले. ताईंना म्हटल्यावर खूश झाले. “लिही, फाशी कायम झाली की सारंगचं उरकूनच टाकू. तिला म्हणावं, वैशाखातले मुहूर्त बघून ठेव.” त्यांचा निरोप जसाच्या तसा दिला.

मुहूर्त बघू नका, तुम्हीच या. पत्र कुरिअरनं पाठवते. सारंग तुमचं तिकीट काढून कळवेल आणि काचीगुड्याला घ्यायला येईल. तुमचा शब्द ते मोडत नाहीत, म्हणून निकाल तुमच्याच तोंडून त्यांच्या कानावर घालावा, असं ठरवून मी हे पत्र लिहायला घेतलं होतं. पण इथवर लिहिल्यावर वाटतं, ते काम माझंच आहे. तुम्ही नुसत्या घरात असा. निकाल मी सांगेन, आणि वकिलांशी खोटं कोण बोललं तेही सांगेन. त्यांना सुप्रीम कोर्टात जायचं असेल तर अजून मुदत आहे. जाऊ देत, मी आडवी येणार नाही.

पण त्याआधी ते मला विचारतील, तू कसली आई. मी त्यांना ओळखते, विचारतीलच. तेव्हा भाऊ म्हणून त्यांचं ऐकून घ्या, पण ताई, गप्प बसू नका.

रेणूची आई,
अलका