अकरापैकी अकरा

प्रिय पप्पा,

सप्रेम जयभीम. पाकीट बघून घाबरू नका, मी ठणठणीत आहे. विद्यापीठातून बजाजनगरला यायला तासभर लागतो, तरी पोरगी दीड वर्ष फिरकली नाही आणि आता पोस्टानं कागद पाठवते, म्हणून आई बडबडेल. बडबडू द्या. आधी बातमी: सापडला! साखरेच्या कुळातला तो रेणू, जिथं नवे तारे जन्मतात त्या अंतराळातल्या माझ्या ढगात आहे, आणि माझा शोधनिबंध काल मंजूर झाला. उड्या मारून माझे गुडघे दुखतायत.

मागच्या वेळेसारखं नाही हं. प्रत्येक रेणूच्या रेडिओलहरी ठरलेल्या असतात, दुर्बिणीच्या आलेखात त्या त्या जागी टोकं उठतात. तेव्हा तीन टोकं जुळली, चौथं दिसेना. गोंगाटात बुडालं असेल म्हणत मी परिषदेत छातीठोकपणे जाहीर करून टाकलं. तुम्ही गल्लीभर पेढे वाटले. तीन महिन्यांनी माझं मलाच कळलं, ती टोकं भलत्याच रेणूची होती. मी सगळं मागं घेतलं. आपल्या गल्लीतले सर्जेरावकाका कंपनीच्या बसमध्ये तुम्हाला विचारायचे म्हणे, "मोतीराम, पोरीची साखर चहात टाकू का?" ते कानावर आलं आणि मी घरी यायचंच सोडलं.

राग माझा मलाच येत होता. तीस वर्षं तुम्ही वाळूजच्या कारखान्यात हातात मापाची पिन घेऊन पत्र्याची भोकं तपासताय. मी चौथीत असल्यापासून ऐकतेय, "एका भोकात पिन गेली म्हून जॉब पास होत नाय. सगळी भोकं बघ, मंग शिक्का मार." आणि मोतीरामची पोरगी चौथं भोक न बघताच शिक्का मारून मोकळी!

या वेळी आधी यादी केली. ढगाच्या तापमानाला दिसायलाच हवीत अशी अकरा टोकं. एक जरी कमी पडलं तरी तोंड उघडायचं नाही. दहा जुळली. अकराव्यासाठी परदेशातल्या दुर्बिणीची वेळ मिळायला सात महिने थांबले. मार्चमध्ये एका दुपारी आलेख उघडला, तर पठ्ठ्या जागच्या जागी उभा, उंचीसुद्धा मी काढली होती तेवढीच! मी असली किंचाळले की शिपाई कचरूमामा काठी घेऊन धावत आले. त्यांना वाटलं, साप निघाला. तरीही निबंध मंजूर होईपर्यंत मी घरी अक्षर बोलले नाही.

आईनं परवा फोनवर एक गोष्ट सांगितली, तुम्ही कधीच सांगितली नसती. मी चूक कबूल केली त्याच आठवड्यात तुम्ही पेढे दिलेल्या बेचाळीसच्या बेचाळीस घरी परत गेलात. दारात उभं राहून म्हणालात, "पोरीचं माप चुकलं. पन चूक तिनंच धरली, तिनंच सांगितली." पप्पा, मला वाटत होतं मी तुमची मान खाली घातली. मी तोंड लपवून बसले होते आणि तुम्ही दारोदार माझा अभिमान सांगत होता. खूप रडले मी.

म्हणून फोन नाही, कागद. तुमच्याकडं तोंडी रिपोर्ट चालत नाही ना? सोबत आलेख आहे. चष्मा लावा, पट्टी घ्या, अकराही टोकं मोजा आणि खाली तारीख घालून सही करा. रविवारी मी पेढे घेऊन येतेय. तुमची सही बघितल्याशिवाय खोका उघडणार नाही. मग दोघं मिळून बेचाळीस घरी जाऊ, पहिलं घर सर्जेरावकाकांचं. बेल मी वाजवणार, बोलायचं तुम्ही.

तुमच्याच हाताखाली शिकलेली, तुमचीच
मेघा