सर गेल्यानंतरची सेमीफायनल

ती. आई,

तुला वाकून नमस्कार, आणि पेपरमागे तोंड लपवून पत्र ऐकणाऱ्या बाबांनाही.

मी मजेत आहे. गुडघाही बरा आहे, फक्त जिना उतरताना कुरकुरतो. डॉक्टर अजून खेळू देत नाहीत, पण ते तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझी पाठ कशी आहे?

आमचे बास्केटबॉलचे सर दुसऱ्या कॉलेजात गेले, तेही सेमीफायनलच्या आठ दिवस आधी. मुली रडल्या. मग कॅप्टन मला म्हणाली, "तीन महिने तू सरांच्या शेजारी बसून आहेस. त्यांचे सगळे डाव तुला पाठ आहेत. आता तूच सांग, आम्ही ऐकतो."

 दुसऱ्या दिवशी सकाळी शिट्टी घेऊन उभी राहिले.

काल सामना झाला. शेवटची दोन मिनिटं उरली होती आणि आम्ही तीन गुणांनी मागे होतो. कॅप्टन दमून चुका करत होती. मी तिलाच बाहेर बोलावलं.

"मला?" तिने डोळे वटारले.

"हो, तुलाच. जरा श्वास घे."

 ती बसली, पाणी प्यायली, मिनिटाभराने परत गेली आणि लागोपाठ दोन बास्केट केले. एका गुणाने जिंकलो! मुलींनी मला उचलूनच घेतलं, अर्थात गुडघा सांभाळून.

संध्याकाळी सरांचा फोन आला. म्हणाले, "कॅप्टनला बाहेर बसवायची माझी हिंमत झाली नसती."

तुझी, सध्या फार भाव खाणारी,
धाकटी